लिहिताना मन कचरतं तेव्हा

नरहर कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा नापास झाले. आजच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नांदापूरला 15 जुलै 1932 रोजी त्यांचा जन्म झाला. मूळ गाव वसमत तालुक्यातलं कुरुंदा. शिक्षणासाठी ते हैदराबादला मामांकडे राहिले. मामा म्हणजे मराठीचे नामवंत प्राध्यापक डॉ. ना. गो. नांदापूरकर. घरात पुस्तकं होती आणि बाहेर हैदराबाद मुक्तिसंग्राम पेटलेला होता. मुलाचं वाचन अफाट, पण परीक्षेच्या कामाचं फारसं नाही. पुढे नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत ते शिक्षक झाले, मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि नंतर प्राचार्य. साठच्या दशकाच्या अखेरीपासून ‘मागोवा’, ‘जागर’, ‘शिवरात्र’, ‘धार आणि काठ’ अशी पुस्तकं आली. शिवाजी महाराजांविषयी रणजित देसाईंना त्यांनी लिहिलेलं दीर्घ पत्र ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना म्हणून जोडलं गेलं. कित्येक वाचक आजही कादंबरीइतक्याच ओढीने ती प्रस्तावना वाचतात.

नापास झालेली माणसंच मोठी होतात, असा अर्थ यातून कुणी काढू नये. नापास होऊन हरवून गेलेली मुलं मराठवाड्यात हजारोंनी सापडतील. कुरुंदकरांच्या बाबतीत लक्षात घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. परीक्षेचा निकाल आणि स्वतःचं काम या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत. निकाल लागत राहिले, वाचणं आणि मांडणं चालू राहिलं.

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तालुक्यांत आज लिहू पाहणारी माणसं कमी नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक आहे, आशा कार्यकर्ती आहे, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी आहे, निवृत्त ग्रामसेवक आहे. कुणाच्या वहीत आजोबांच्या आठवणींची पाच पानं असतात, कुणाच्या मोबाइलमध्ये अर्धी कथा. पाच पानांची सहा होत नाहीत. विचारलं तर कारण वेळेचं सांगितलं जातं. थोडं खोलात गेलं की खरं कारण बाहेर येतं: हे लिहिण्याच्या लायकीचं आहे का, आणि लिहिणारे आपण कोण, ही मनात सतत चुकचुकणारी पाल.

या शंकेबद्दल आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ती नवख्यांनाच छळते असं मुळीच नाही. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये कर्तबगार स्त्रियांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. पदव्या, पदं, मानसन्मान सगळं मिळालेल्या या स्त्रियांना मनातून वाटत होतं की आपण लोकांना फसवतो आहोत आणि एक दिवस उघडे पडू. म्हणजे यश मिळालं की शंका आपोआप जाईल, हा हिशेब चुकतो. ती जाण्याची वाट पाहणारा माणूस वाटच पाहत राहतो.

जॉन स्टाइनबेकने वाट पाहिली नाही. 1938 च्या उन्हाळ्यात तो ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ लिहीत होता. दुष्काळाने आणि कर्जाने जमिनीवरून उठलेल्या शेतकरी कुटुंबाची ही कादंबरी. ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईला कामासाठी गावं रिकामी होताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना तिची ओळख करून द्यावी लागणार नाही. रोजचं लेखन सुरू करण्याआधी तो एका वेगळ्या वहीत रोजनिशी लिहायचा. आपण खरे लेखक नाही, आपल्याला हे पेलणार नाही, पाहुणे येतात आणि काम मोडतं, अशा नोंदी तिच्यात भरलेल्या आहेत. तेवढं लिहून झालं की तो कादंबरीच्या पानाकडे वळायचा. पाच महिन्यांच्या आसपास हस्तलिखित तयार झालं, 1939 मध्ये पुस्तक आलं आणि 1940 मध्ये त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला. रोजनिशी त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली, म्हणून हे आज कळतं.

ही युक्ती कुणालाही करण्याजोगी आहे. शंकांसाठी स्वस्तातली शंभर पानी वही वेगळी ठेवावी. लिहायला बसल्यावर पहिली पाच मिनिटं तिला द्यावीत. जे वाटतं ते तिथे उतरवावं, वही मिटावी आणि कामाला लागावं. मनात घोळणारी शंका वाढत जाते. कागदावर आलेली शंका वाचता येते, आणि वाचली की तिच्यात दोन प्रकार वेगळे दिसू लागतात. ‘मला जमणार नाही’ ही शंका नुसती भीती आहे, तिचं काही करता येत नाही. ‘मधल्या भागात मामाचं पात्र अचानक गायब होतं’ ही शंका मात्र उपयोगी सूचना आहे. पहिली वहीतच ठेवावी, दुसरी खुणेसाठी बाजूला उतरवून घ्यावी.

मराठवाड्यातल्या लिहिणाऱ्याचं घोडं मात्र सर्वांत जास्त अडतं ते भाषेवर. ‘आपली भाषा शुद्ध नाही’ हे वाक्य इथे लहानपणापासून कानावर पडतं. त्याला इतिहास आहे. निजामाच्या राज्यात 1918 मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू होतं, सरकारी कामकाज उर्दूत होतं. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त होईपर्यंत मराठीतून वरचं शिक्षण घेण्याची सोय इथल्या माणसाला फारशी नव्हती. छापील मराठी आली ती पुण्या-मुंबईहून, आणि तिच्यासोबत हे ओझंही आलं की पुस्तकातली ती भाषा खरी आणि घरातली ती खोटी.

हे ओझं इथल्याच लेखकांनी उतरवलेलं आहे. रा. रं. बोराडे यांनी 1971 च्या ‘पाचोळा’मध्ये गावातल्या एका शिंपी कुटुंबाची वाताहत घरच्या बाईच्या तोंडून, तिच्याच बोलीत सांगितली. वसमत तालुक्यातल्या रिधोऱ्याचे इंद्रजित भालेराव यांचा ‘पीकपाणी’ हा संग्रह 1989 मध्ये आला. शेतातल्या कामांची, औजारांची, नात्यांची जी नावं घरात वापरात होती, त्यांच्यावरच ती कविता उभी आहे. परभणी जिल्ह्यातले आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि त्या कथाही इथल्याच गावांतल्या आहेत. बोली ही उणीव असती तर ही पुस्तकं उभीच राहिली नसती.

लेखननियमांची भीती ही वेगळी बाब आहे, आणि ती भाषेच्या न्यूनगंडात मिसळू नये. मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने 1962 मध्ये स्वीकारले तेव्हा ते चौदा होते. 1972 मध्ये चार वाढले. एकूण अठरा. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, सामान्यरूपं यांचा मोठा भाग त्यांत उरकतो. चार-आठ संध्याकाळी दिल्या तर ते हाताखाली येतात. अडलंच तर अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ चाळावा. पण हे काम शेवटचं. मनातला प्रसंग भरभर उतरत असताना ‘परीक्षा’तली री पहिली की दुसरी, यावर थांबणारा माणूस प्रसंग गमावून बसतो. अक्षर चुकलं तर नंतर दुरुस्त होतं, निसटलेला प्रसंग परत येईल याची खात्री नाही.

आता वेळेविषयी. ‘रोज लिहा’ हा सल्ला सगळीकडे दिला जातो आणि तो बराचसा बरोबर आहे. रॉबर्ट बॉइस या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या लेखनाच्या सवयी अभ्यासल्या. मोकळा आठवडा मिळाला की एकदम बसू म्हणणाऱ्यांपेक्षा रोज थोडा वेळ बसणाऱ्यांचं लेखन जास्त झालं. तरीही मृगाचा पाऊस पडल्यावर, पेरणीच्या धांदलीत, कुणी कापूस-सोयाबीनवाल्याने रोज तासभर टेबलाशी बसावं असं सांगणं हे गाव न पाहिलेल्या माणसाचं बोलणं झालं. अशा दिवसांत चार ओळींची नोंद पुरते. कोण काय बोललं, मजूर का आले नाहीत, दुबार पेरणीचं बी कुठून उचललं. बांधावर बसून मोबाइलमध्ये बोलून ठेवलं तरी चालेल, आता फोनला मराठी ऐकून टाइप करता येतं. मोठं लेखन पिकाच्या कामातून उसंत मिळेल तेव्हा करावं, पण हात पूर्ण थांबू देऊ नये. महिनाभर काहीच लिहिलं नाही की शंका पुन्हा पहिल्या दिवसाइतकी मोठी होते.

जागा नाही, एकांत नाही, घरचे हसतील, ही अडचण बायकांच्या वाट्याला अधिक येते. फलटणच्या बेबीताई कांबळे घरचं छोटं दुकान सांभाळायच्या. सामान बांधायला आलेली रद्दीची वर्तमानपत्रं त्या तिथेच वाचून काढायच्या. मग त्यांनी स्वतःच्या समाजाचं जगणं वहीत लिहायला घेतलं, नवऱ्याच्या आणि घरच्यांच्या नजरेआड. लिहिलेलं त्या अडगळीत दडवून ठेवायच्या. ते वर्षानुवर्षं तसंच पडून होतं. फलटणला राहणाऱ्या भाषाभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांच्यापाशी हा विषय निघाला आणि त्यांनी ते छापण्याचा आग्रह धरला. 1982 मध्ये ‘स्त्री’ मासिकातून ‘जिणं आमुचं’ क्रमशः आलं, 1986 मध्ये पुस्तक झालं. पुढे माया पंडित यांनी ते इंग्रजीत नेलं. दलित स्त्रीने लिहिलेल्या सुरुवातीच्या आत्मकथनांत त्याचं नाव घेतलं जातं. बेबीताईंना भीती नव्हती असं नाही, ती होतीच, म्हणून तर वह्या लपवाव्या लागल्या. पण त्यांनी वह्या लपवल्या, फाडल्या नाहीत. घरी वातावरण अनुकूल नसेल तर लिहिलेलं कुणाला दाखवायची घाई करू नये, नुसतं जपून ठेवावं.

पहिल्या खर्ड्याबद्दल नव्या लेखकांचा आणखी एक गैरसमज असतो. भालचंद्र नेमाडे यांनी ‘कोसला’ सांगवीला घरी बसून काही दिवसांत लिहून काढली, ही गोष्ट सर्वांनी ऐकलेली असते. ऐकणाऱ्याला वाटतं, खरा लेखक असाच एका दमात लिहितो. त्याच नेमाड्यांची पुढची कादंबरी ‘बिढार’ 1975 मध्ये आली, म्हणजे बारा वर्षांनी. ‘हिंदू’साठी वाचकांना 2010 पर्यंत थांबावं लागलं. एकाच माणसाच्या हातून एक पुस्तक भराभर होतं आणि दुसऱ्याला दशकं लागतात. तेव्हा आपला वेग पाहून आपली कुवत ठरवण्यात अर्थ नाही.

खर्डा आणि दुरुस्ती यांचे दिवस मात्र वेगळे ठेवावेत. हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा सल्ला, म्हणून तो जवळून पाहू. समजा वसमत तालुक्यातला एक तरुण आपल्या भागातल्या हळदीवर लेख लिहायला बसला. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा विषय ताजा आहे आणि त्याच्या घरचाही आहे. पहिल्या बैठकीत त्याच्या हातून बहुधा असं काहीतरी उतरेल:

‘आमच्या भागात हळदीचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. शेतकरी रात्रंदिवस कष्ट करतात. हळद शिजवण्याचे काम फार अवघड असते. निसर्गाच्या लहरीपणामुळे त्यांचे नुकसान होते. तरीही बळीराजा हार मानत नाही.’

दुसऱ्या दिवशी वाचताना तो खट्टू होतो. शाळेतल्या निबंधासारखं वाटतं. इथेच वही मिटते आणि पुन्हा उघडत नाही. खरं तर त्याला जे वाटलं ते अगदी बरोबर आहे. शंकेचं काम याच घटकेला सुरू होतं. फक्त तिला ‘मी लेखक आहे का’ हा प्रश्न विचारू द्यायचा नाही. तिला एकेका वाक्यावर बसवायचं. ‘मोठ्या प्रमाणावर’ म्हणजे किती, आमच्या घरी किती? ‘रात्रंदिवस’ म्हणजे रात्री नेमकं कोण उठतं आणि कशासाठी? ‘अवघड’ म्हणजे हाताला चटका बसतो, की डोळ्यांना वाफ लागते, की पाठ धरते? ‘नुकसान’ कसं होतं, पाऊस पडल्यावर हळकुंडाचं काय बिघडतं? ‘बळीराजा’ हे कुणाचं नाव आहे, आपल्या घरात वडिलांना कुणी बळीराजा म्हणतं का?

उत्तरं त्याला पाठ आहेत, कारण तो त्यात वाढला आहे. ती लिहिली की मजकूर असा होऊ शकतो:

‘कुकरचं झाकण उघडलं की वाफेचा लोट उठतो आणि समोरच्या माणसाला क्षणभर काही दिसत नाही. बाबा एक हळकुंड उचलून त्यात काडी खुपसून बघतात. काडी आरपार गेली की ‘झाली’ म्हणतात आणि पुढचा घाणा भरायला सांगतात. शिजलेला माल ताडपत्रीवर पसरायचा, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळू द्यायचा. या दिवसांत घरात कुणी गाढ झोपत नाही. मार्चमध्ये रात्री आभाळ गडगडलं की आजीसकट सगळे ताडपत्री ओढायला पळतात. भिजलेल्या हळदीचा रंग उतरतो, आणि मोंढ्यात माल हातात घेऊन बघणारा आडत्या पहिल्यांदा रंगच बघतो.’

दुसऱ्या परिच्छेदात एकही अवघड शब्द नाही. कष्ट हा शब्दही नाही. लिहिणारा रातोरात जास्त हुशार झालेला नाही, त्याने फक्त स्वतःच्या शंकेला नेमके प्रश्न दिले. पहिला परिच्छेद फुकट गेला असंही नाही. तो नसता तर प्रश्न विचारायला काही हातातच नव्हतं. म्हणून खर्डा लिहिताना मागे वळून वाचू नये, आणि दुरुस्तीला बसताना किमान एक रात्र मध्ये जाऊ द्यावी. कविता असेल तर आठवडाभर.

लेखन मध्येच अडलं तर आधी अडण्याचं कारण शोधावं. पुष्कळदा ते माहितीत असतं आणि लिहिणारा ते स्वतःच्या कुवतीत शोधत बसतो. आजोबांच्या आठवणी लिहिताना पाचव्या पानावर हात थांबतो, कारण 1972 च्या दुष्काळात घरातली गुरं कुठे नेली हे त्याला ठाऊकच नसतं. तिथे प्रतिभा कामाची नाही. आत्याला फोन करावा, गावातल्या म्हाताऱ्या माणसापाशी जाऊन बसावं, तालुक्याच्या वाचनालयात जुनी पुस्तकं चाळावीत. ठिकाणांची, माणसांची, पिकांची नावं पक्की झाली की पुढचं पान बहुधा सरकतं. आणखी एक साधी सवय लावून घ्यावी. दिवसाचं लिहिणं थांबवताना पुढे काय लिहायचं ते एका ओळीत खाली टिपून ठेवावं, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाशी गाठ पडत नाही.

मग प्रश्न येतो तो दाखवायचं कुणाला. याचं उत्तर शोधायला हिंगोलीइतकी योग्य जागा महाराष्ट्रात दुसरी नसेल. हिंगोली तालुक्यातलं नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं, आणि जन्मवर्ष 1270. नामदेव कीर्तनकार म्हणून नावाजलेले, विठ्ठलाचे लाडके. संतमेळ्यात मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाका कुंभारांनी मडकी घडवायची थापटी घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिली, आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं. तेही सर्वांसमोर. कथा सांगते की नामदेव दुखावले, पंढरपूरला विठ्ठलाकडे गाऱ्हाणं घेऊन गेले, आणि विठ्ठलानेही त्यांना गुरू करायलाच सांगितलं. मग ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. तिथे विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवावेत तर तिथेही पिंड, ही पुढची गोष्ट मराठी घरांत सर्वांना माहीत आहे.

हा इतिहास किती आणि आख्यायिका किती, हे अभ्यासकांवर सोडू. लिहिणाऱ्याच्या उपयोगाचं त्यात बरंच आहे. नामदेवांना कच्चं म्हणणारा माणूस मडक्याचा जाणकार होता, रस्त्यावरचा कुणीही नव्हता. बोल लागला, राग आला, तरी त्यांनी कीर्तन सोडलं नाही, आणि ‘माझे श्रोते तर माझ्यावर खूश आहेत’ असं म्हणून विषय मिटवलाही नाही. ते शिकायला गेले. नाव झाल्यावर शिकायला जाणं हे नवख्याने शिकण्यापेक्षा कठीण असतं. याच नामदेवांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि पंजाबातल्या त्यांच्या घुमानला 2015 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं.

आजच्या लिहिणाऱ्याला थापटी क्वचितच मिळते. व्हॉट्सॲपच्या गटावर कविता टाकली की पाच मिनिटांत वीस अंगठे आणि ‘खूप छान सर’ येतं. त्यात प्रेम असतं, पण माहिती काहीच नसते, आणि शंका तर जिथल्या तिथे राहते, कारण मनाला कळत असतं की हे कुणी वाचलेलं नाही. म्हणून एक किंवा दोनच वाचक निवडावेत. भरपूर वाचणारी, तोंडावर खरं बोलणारी आणि आपलं बरं चिंतणारी माणसं. महाविद्यालयातले मराठीचे प्राध्यापक, वाचनालयाचे ग्रंथपाल, शाळेतल्या बाई यांच्यापैकी कुणीतरी असं असतंच. त्यांना ‘कसं वाटलं?’ असं विचारू नये, त्याचं उत्तर ‘छान’ हेच येणार. विचारावं ते असं: सर, कुठे कंटाळा आला? कुठलं वाक्य दोनदा वाचावं लागलं? कोणता भाग काढला तर चालेल? आणि उत्तर मिळत असताना खुलासे देत बसू नये. जे तोंडाने समजावून सांगावं लागतं ते कागदावर आलेलं नसतं, एवढी खूणगाठ बांधून घरी यावं.

कुणी तसा वाचक नसेल तर मोठ्याने वाचून पाहावं. जीभ जिथे अडखळते तिथे वाक्य अडलेलं असतं. ओवी, कीर्तन, भारूड ऐकत वाढलेल्या माणसाचा कान तयार असतो. त्याच्यावर विश्वास ठेवावा.

छापायला पाठवणं हा शेवटचा टप्पा, आणि तिथे पुन्हा धीर सुटतो. मराठीत नव्या लेखकाला दारं आहेत. मराठवाडा साहित्य परिषदेचं ‘प्रतिष्ठान’, साने गुरुजींनी 1948 मध्ये सुरू केलेलं ‘साधना’, धुळ्याहून कवितेसाठी निघणारं ‘कविता-रती’, शिवाय जिल्ह्याजिल्ह्यांतले दिवाळी अंक. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने तर ज्यांना कुणी छापत नव्हतं अशा कित्येकांना साठच्या दशकाच्या अखेरीपासून पहिली जागा दिली. पाठवण्याआधी त्या नियतकालिकाचे दोन-तीन अंक वाचून घ्यावेत. कवितेच्या मासिकाला कथा गेली की नकार ठरलेला, आणि लेखक मात्र तो स्वतःच्या लिखाणाला मिळाला असं समजतो. दिवाळी अंकांची जुळवाजुळव उन्हाळा-पावसाळ्यातच होते, नवरात्रात पाठवलेला मजकूर पुढच्या वर्षावर जातो. आपल्याजवळ प्रत ठेवावी, पाठवल्याची तारीख टिपावी. उत्तर येत नाही म्हणजे नकार, असं लगेच धरू नये. छोट्या मासिकांचं काम बहुधा एक-दोन माणसं सांभाळतात. नकार आलाच तर तोच मजकूर एकदा नीट वाचून दुसरीकडे पाठवावा.

पुस्तकापर्यंत पोहोचलेल्यांसाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी ती मदत करते, आणि हस्तलिखित जाणकारांकडून वाचलं जातं. मंडळ नवलेखकांसाठी कार्यशाळाही घेतं. याउलट, लेखकाकडूनच मोठी रक्कम घेऊन पुस्तक छापून देणारे, किंवा प्रवेशशुल्क घेऊन ‘राज्यस्तरीय पुरस्कार’ देणारे यांच्यापासून सावध राहावं. त्यांचा धंदा नव्या लेखकाच्या शंकेवरच चालतो. मानचिन्ह भिंतीवर लागतं आणि शंका तशीच राहते, वर पैसेही जातात.

ज्याच्या वहीत किंवा मोबाइलमध्ये अर्धवट मजकूर पडून आहे, त्याने तो येत्या रविवारी बाहेर काढावा. एकदा मोठ्याने वाचावा, एकेका वाक्याला प्रश्न विचारावेत, आणि पुढचं एक पान लिहून झाल्यावरच जागेवरून उठावं.